दादाचा प्रश्न
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आठवीत बाईंनी आपल्याला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला होता. "दिसतं ते सांगा, वाटतं ते नको," असं त्या बजावायच्या. मी पॅथॉलॉजिस्ट झाले, त्याची सुरुवात तिथे झाली. आज बाई समोर बसल्या आहेत, म्हणून एक कबुली देते.

सहा वर्षांपूर्वी माझ्या दादाला कावीळ झाली. पोटात दुखत नव्हतं, पण वजन उतरलं होतं आणि साठीत नव्यानेच मधुमेह निघाला होता. निदान झालं स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं. सुदैवाने गाठ शस्त्रक्रियेने काढता आली. या आजारात पाचांतल्या जेमतेम एकाला ही संधी मिळते.

त्या गाठीच्या स्लाइड्स मी स्वतः पाहिल्या. स्मॅड-४ नावाचं एक प्रथिन असतं. 'आता वाढ थांबव' हा बाहेरून आलेला निरोप ते पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवतं. त्याचं जनुक १९९६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांना याच कर्करोगाचा अभ्यास करताना सापडलं. तपासणीत हे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. दादाच्या निरोगी पेशी तपकिरी झाल्या होत्या. कर्करोगाच्या पेशी निळ्याच राहिल्या होत्या. म्हणजे निरोप्याच गायब! साधारण निम्म्या रुग्णांत असंच आढळतं. २००९ साली तिथल्याच शवविच्छेदनांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांचा आजार शरीरभर पसरला होता, त्यांच्यात हे प्रथिन अधिक वेळा हरवलेलं होतं. अशा रुग्णांचं आयुष्य कमी भरतं, असं बरेच अभ्यास सांगतात. पण सगळेच नाही.

दादाने विचारलं, "माझ्याकडे किती दिवस आहेत गं?"

त्या निळ्या पेशी डोळ्यांपुढे होत्या. मी म्हटलं, "जेमतेम वर्षभर."

त्याने गावच्या जमिनीत आंब्याची कलमं लावायचं ठरवलं होतं. ते त्याने सोडून दिलं. पुढे तो साडेतीन वर्षं जगला. शेवटच्या दिवसांत एकदा सहज म्हणाला, "तेव्हा लावली असती, तर आज डोक्याएवढी झाली असती." त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

बाई, मी दिसलं ते सांगितलं नाही, वाटलं ते सांगितलं. हे प्रथिन शंभर जणांचा कल सांगतं. त्या शंभरांत आपला माणूस कुठे बसतो, हे ते सांगू शकत नाही. आता कुणी विचारलं, तर स्लाइडवर काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय, एवढं मी नीट समजावते. दिवस मोजून देत नाही.

मित्रांनो, आपण सगळेच आता साठीच्या उंबरठ्यावर आहोत. न दुखता झालेली कावीळ, विनाकारण उतरलेलं वजन, अचानक निघालेला मधुमेह यांकडे 'वयाचं असेल' म्हणून काणाडोळा करू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि कलमं लावायची असतील, तर याच पावसाळ्यात लावा.