इंग्रजी शब्दांतले धनी आणि चाकर



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी सातवीनंतर शाळा सुटलेला, गिरणीत साचे चालवलेला आणि पुढे युनियनच्या कामात पडलेला माणूस. मी इंग्रजी शब्दांवर बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण इंग्रजी मी हौसेने शिकलो नाही. ठेच लागली म्हणून शिकलो.

मी बावीस वर्षांचा असेन. आमच्या गिरणीत थकलेल्या पगारवाढीचा तंटा मिटला आणि इंग्रजीत करारपत्र आले. थकबाकीच्या कलमात ‘मे’ हा शब्द होता. आम्ही त्याचा अर्थ ‘देतील’ असा लावला, सह्या केल्या आणि पेढे वाटले. पैसे काही आले नाहीत. विचारायला गेलो तेव्हा व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “कंपनी देऊ शकेल, असे लिहिले आहे. दिलेच पाहिजे, असे कोठे आहे?” त्याच आठवड्यात मी रद्दीवाल्याकडून एक जुना इंग्रजी कोश विकत घेतला.

त्या दिवसापासून शब्दांची कुळी शोधण्याचा नाद लागला. ‘मे’ हा मुळात सामर्थ्याचा शब्द आहे. बळ या अर्थाचा ‘माइट’ त्याच्याच घरातला. ‘शॅल’चा मूळ अर्थ मात्र देणे लागणे. जर्मन भाषेत कर्जाला ‘शुल्ड’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद. करारात मालकापुढे ‘मे’ लिहिले की बळ त्याच्या हाती राहते. ‘शॅल’ लिहिले की तो देणेकरी होतो.

‘वेज’ म्हणजे मजुरी. हा शब्द मुळात तारणाचा, दिलेल्या वचनाचा. पैजेला ‘वेजर’ म्हणतात, तो याच्यापासूनच निघाला. मजुरी ही कोणाची मेहेरबानी नव्हे, ती शब्द देऊन बांधून घेतलेली रक्कम आहे, असे तो शब्दच सांगतो.

आता धन्यांचे शब्द पाहा. ‘लॉर्ड’ म्हणजे मुळात भाकरीचा राखणदार आणि ‘लेडी’ म्हणजे कणीक मळणारी. त्या घरच्या चाकराला जुन्या इंग्रजीत भाकर खाणारा म्हणत. पुढे राखणदार सरदार झाला, कणीक मळणारी बाईसाहेब झाली, आणि खाणाऱ्याचा शब्द भाषेतून नाहीसाच झाला. ‘नाइट’ आणि ‘नेव्ह’ हे दोन्ही शब्द एके काळी पोरगा या अर्थाचे होते. एकाला घोडा आणि तलवार मिळाली, तो वीर ठरला. दुसरा चाकरीत राहिला आणि लबाड ठरला. शेतवाडीवर राबणारा तो ‘व्हिलन’, आणि आज सिनेमातल्या खलपुरुषाला आपण तेच नाव देतो! माणसाची पायरी बदलली की त्याच्या नावाची किंमतही बदलते.

पण सगळेच शब्द धन्यांनी घडवलेले नाहीत. शीड खाली उतरवणे यालाही इंग्रजीत ‘स्ट्राइक’ म्हणत. 1768 साली लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी शिडे उतरवून जहाजे अडवली, आणि संपाला ‘स्ट्राइक’ हे नाव मिळाले. तो शब्द आमच्याच लोकांचा आहे.

कोणी म्हणेल, कामगाराला ही कोशांची उठाठेव कशाला? त्याला उत्तर म्हणून मी जोसेफ राइटचे नाव घेतो. यॉर्कशरमधल्या साल्टेअरच्या गिरणीत हा मुलगा सातव्या वर्षी डॉफर होता. भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या, हे त्याचे काम. वाचायला तो पंधराव्या वर्षी शिकला. पुढे तोच ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि 1898 ते 1905 या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला.

मात्र एक सावधगिरीही सांगतो. कोर्टात शब्दाची कुळी चालत नाही, चालतो तो आजचा वापर. संदर्भ पाहून न्यायाधीश कधीकधी ‘मे’सुद्धा बंधनकारक धरतात. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तेवढ्या काळात चूल थांबत नाही. मूळ अर्थाचा उपयोग एवढाच, की तो डोक्यात पक्का बसतो.

आमच्या रविवारच्या वर्गात मी हेच सांगत असे. काही वर्षांनी एका कराराचा मसुदा वाचून दाखवत होतो. वाइंडिंग खात्यातील एक बाई मागच्या रांगेतून उठून म्हणाल्या, “दादा, बोनसच्या कलमात कर्जाचा शब्द आहे, की बळाचा?”

मी पाहिले. बळाचा होता. मसुदा सही न करता परत गेला आणि तीन दिवसांनी ‘शॅल’ घेऊन आला. त्या वर्षी बोनस मिळाला.

म्हणून या सभेत बसलेल्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे. बँकेचा, घराचा, नोकरीचा कागद पुढे आला तर लाजू नका. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा आणि मगच सही करा.