आधी नोंद, मग जतन



या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. गावातल्या जुन्या वास्तूंचे जतन आणि त्यासाठी नगराच्या वारसा समितीने करायचे काम, हा आजचा विषय. मावळात या विषयाची सुरुवात कार्ल्यापासूनच करावी लागते. तिथल्या चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, असे एक लेख सांगतो. धेनुकाकटच्या रहिवाशांनी एकेक खांब दिला, असे इतर लेख सांगतात, आणि त्या दात्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. आपल्या विषयाला मात्र आणखी दोन लेख अधिक जवळचे आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले. पुढे सत्ता सातवाहनांकडे आली, तेव्हा मामालच्या अमात्याला राजाज्ञा गेली आणि हे दान चालू राहिले. वलूरक म्हणजे कार्ल्याची लेणी आणि मामाल म्हणजे आपले मावळ, असे अभ्यासक मानतात. राज्य बदलले तरी लेण्यांची व्यवस्था मोडली नाही, कारण उत्पन्न कुठून येणार आणि ते पोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे दगडावर लिहून ठेवलेले होते. वास्तूची नोंद, तिचा खर्च आणि तिची जबाबदारी आधी ठरली असेल तरच वास्तू टिकते, आणि वारसा समितीचे खरे काम हे आधी ठरवून ठेवण्याचे आहे, हेच मला आज मांडायचे आहे.

आपल्या तालुक्यात काय सुरक्षित आहे आणि काय उघड्यावर आहे, ते आधी पाहू. कार्ले, भाजे आणि बेडसे इथली लेणी, तसेच लोहगड आणि विसापूर हे किल्ले केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीमुळे अशा स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय काही बांधता येत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत आपला लोहगडही आहे. डोंगरावरच्या वारशावर अशी कायद्याची छत्री आहे. खाली उतरून गावात आलो की चित्र पालटते. सेनापती दाभाड्यांच्या तळेगावातले जुने वाडे, लोणावळा-खंडाळ्यातले रुंद व्हरांड्यांचे कौलारू बंगले, पेठांतली सागवानी खांबांची घरे यांतले फारच थोडे राष्ट्रीय महत्त्वाच्या कसोटीला उतरेल, आणि उतरावे अशी अपेक्षाही नाही. पण गाव ओळखीचे वाटते ते याच वास्तूंमुळे. बोरघाटातली रेल्वेची जुनी कामेही याच गटात येतात. १८६३ साली हा लोहमार्ग खुला झाला. ३७ फुटांत एक फूट असा त्याचा चढ आणि त्यावरचे २५ बोगदे हजारो मजुरांनी हातांनी घडवले, आणि त्यांतले कित्येक पटकीने व तापाने घाटातच गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. या साऱ्याचा सांभाळ दिल्लीहून होणार नाही. तो स्थानिक यादीनेच होऊ शकतो.

यादी नसली की काय होते, याचा धडा आपल्याला घाटानेच दिला आहे. १८३० साली बोरघाटाचा रस्ता तयार झाला, तेव्हा कॅप्टन ह्यूज यांच्या देखरेखीखाली एक दगडी पूल उभा राहिला. वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्याला अमृतांजन पूल म्हटले. द्रुतगती मार्ग झाला तो या पुलाच्या कमानींखालून. खांबांमुळे तिथे रस्ता अरुंद होई, वाहने खोळंबत आणि अपघातांची भीती असे. अखेर एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात, टाळेबंदीने रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून पूल पाडण्यात आला. वाहतुकीची अडचण खरी होती, आणि माणसाच्या जिवापेक्षा दगड मोठा नाही, हे मी निःसंशय मानतो. तरीही क्रमाकडे लक्ष द्या. पुलाचे मोल काय, हा वाद रंगला तो पाडण्याचा विषय निघाल्यावर. तोपर्यंत रस्त्याची आखणी होऊन गेली होती आणि पर्याय संपत आले होते. आखणीच्या वेळीच टेबलावर त्या परिसराच्या वारशाची मान्य यादी असती, तर मार्ग थोडा वळवायचा, की कमानी उतरवून दुसरीकडे उभ्या करायच्या, की निदान पूर्ण मोजमाप आणि नकाशे करून मगच पाडायचे, हे प्रश्न वेळेवर विचारता आले असते. पाडायच्या दिवशी उरतात ती फक्त छायाचित्रे आणि हळहळ.

वारसा समिती कशी चालते, याचा साचा महाराष्ट्रात तयार आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमात वारसा इमारत आणि वारसा परिसर यांच्या व्याख्या आहेत, आणि मुंबईने १९९५ साली देशातली पहिली वारसा नियमावली लागू केली. तिच्यानुसार वास्तूंची यादी होते. तिची जाहीर नोटीस निघते, हरकती आणि सूचना ऐकल्या जातात आणि मग शासन यादी मंजूर करते. वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत बळकटीसाठी अत्यावश्यक तेवढाच हात लावता येतो. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर यांना बऱ्याच अंशी मोकळीक असते, तर तिसरीत त्याहून अधिक. वास्तुविशारद, संरचना अभियंता, इतिहासाचे जाणकार असे सदस्य अर्ज तपासून सल्ला देतात. समितीला आदेश काढण्याचा अधिकार नाही, म्हणून ती दुबळी आहे, असे अनेकजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. महापालिका आयुक्तांना सल्ला डावलायचा असेल तर लेखी कारणे द्यावी लागतात, आणि लेखी कारण द्यावे लागले की निर्णय अंधारात राहत नाही. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, तेव्हा थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदांबरोबर लोणावळा नगरपरिषदही तिच्यातून नाव घेऊन वगळण्यात आली. लोणावळ्याची प्रकृती वेगळी, म्हणून नियमही वेगळे, हे तत्त्व योग्यच आहे. पण मग त्या वेगळ्या नियमांत वारशाचे प्रकरण भक्कम असण्याची जबाबदारी लोणावळेकरांवरच येते. तालुक्यात दुसरीकडे तळेगावची नगरपरिषद, वडगावची नगरपंचायत, महानगर प्राधिकरणाखालची गावे, रेल्वे आणि वन खाते अशी हद्दींची गुंतागुंत आहे. हद्दी कितीही असोत, तालुक्याची यादी एक हवी.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप मालकांचा, आणि तो सर्वांत न्याय्य आहे. यादीत नाव गेले की घर विकता येत नाही, वाढवता येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च मात्र आपल्याच गळ्यात, ही भीती पोकळ नाही. मुंबईच्या नियमावलीने यावर हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे जागेवर वापरता न येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याचा, उपाय दिला. लहान गावात त्या हक्कांना तेवढी मागणी नसते, म्हणून तोच उपाय इथे पुरेल असे मी म्हणणार नाही. मालमत्ता करात सूट, जुन्या बंगल्यात निवासाची किंवा उपाहारगृहाची सोय करण्यास सुलभ परवानगी आणि दुरुस्तीसाठी मोफत तांत्रिक सल्ला, या गोष्टी नगरपरिषदेच्या आवाक्यातल्या आहेत. सल्ल्याचे मोल कमी समजू नका. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. वेळेवर शाकारणी झाली तर कौलारू छप्पर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. हे सांगणारा जाणकार फुकट मिळाला, तर अनेक मालकांचा पाडण्याचा विचार मागे पडेल. मालकावर बंधन घालायचे आणि भार मात्र वाटून घ्यायचा नाही, असे करणारी समिती टिकणार नाही, आणि तिने टिकूही नये. करजिकचे उत्पन्न नेमून देणाऱ्यांना हे कळत होते.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाच्या भाषेत येतो. इंग्रजांचे पूल आणि धनिकांचे बंगले आपण का जपायचे? याचे उत्तर वडगावात आहे. जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांची फौज याच मावळात कोंडली आणि वडगावचा तह करायला लावला. त्या मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट शत्रूच्या बाजूचा होता. तरी इथल्या माणसांनी त्याच्या शौर्याला दाद देऊन त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि त्याची समाधी वडगावात राखली. जिंकलेल्या समाजाला हरलेल्याची खूण पुसावीशी वाटली नाही, इतका तो स्वतःबद्दल निश्चिंत होता. घाटातल्या बोगद्यांचा आराखडा परदेशी असेल, पण दगड फोडणारे हात इथले होते. ती कामे पुसली तर त्या मजुरांची उरलीसुरली खूणही जाते.

तिसरा आक्षेप असा की हे तज्ज्ञांचे खूळ आहे आणि लहान गावात तज्ज्ञ मिळणार नाहीत. श्रेणी ठरवायला तज्ज्ञ लागतो, हे खरे. पण पहिल्या नोंदीला लागतात डोळस माणसे. वास्तू कुठे आहे, अंदाजे केव्हाची, कोणत्या साहित्याची, आज कोण वापरते, चारही बाजूंची छायाचित्रे आणि शेजारच्या वृद्धांना माहीत असलेली हकिगत, एवढे एका पानात मावते. तालुक्यातल्या शाळा आणि महाविद्यालये हे काम करू शकतात. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी यांच्या पर्यावरण संवेदनक्षेत्राच्या अधिसूचनांनी निसर्गाबरोबर मानवनिर्मित वारशाचाही विचार केला आहे. डोंगरातल्या गावात झाड, ओढा आणि घर एकमेकांना धरून असतात, हे त्यांनी मान्य केले. आपल्या नोंदीतही बंगल्याबरोबर त्याच्या आवारातला वृक्ष आणि गढीबरोबर तिची विहीर आली पाहिजे.

म्हणून या संमेलनाने कोणत्याही एका वास्तूसाठी आंदोलनाचा ठराव करू नये, असे मी सुचवतो. ठराव करायचाच तर तो एका कामाचा करावा. येत्या पावसाळ्याआधी लोणावळा, खंडाळा, तळेगाव, वडगाव आणि इंदोरी या पाच ठिकाणांची प्राथमिक नोंद पूर्ण करावी आणि ती नगरपरिषदा, नगरपंचायत, महानगर प्राधिकरण आणि रेल्वे यांच्या हाती लेखी पोच घेऊन द्यावी. ती पोच हाती असली, की पुढचा रस्ता आखणाऱ्या अभियंत्याला आणि पुढची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला इथे काय उभे होते ते ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. काही वास्तू तरीही जातील. पण त्या जातील तेव्हा निर्णय विचारपूर्वक झालेला असेल, कारणे लिहिलेली असतील आणि त्यांची मापे आपल्याकडे असतील. आपण सर्वांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी हात जोडून विनंती करतो आणि माझे भाषण पूर्ण करतो.