फॉस्टर घरातलं मूल आणि आपली जबाबदारी



ओळखीतल्या एखाद्या घरातलं मूल काउन्सिलनं फॉस्टर घरी ठेवलं, असं कानावर आलं की आपल्यात कुजबुज सुरू होते. तिथे पोराला नीट जेवायला घालतात का? मारत तर नसतील? मराठी विसरलं तर? या काळज्या रास्त आहेत. पण नुसत्या कुजबुजीनं त्या मुलाचं काहीच भलं होत नाही. म्हणून इथले, म्हणजे इंग्लंडमधले, नियम आज समजून घेऊ.

१९४५ मध्ये श्रॉपशरमधल्या एका शेतावर डेनिस ओनील हा १२ वर्षांचा मुलगा फॉस्टर घरातल्या मारहाणीनं आणि उपासमारीनं गेला. त्याच्यावर लक्ष ठेवायचं कोणी, याचा दोन कचेऱ्यांमध्ये घोळ होता. देश हादरला, चौकशी झाली आणि पुढे १९४८ चा बालकायदा आला.

आज मूल नव्या घरी गेलं की पहिल्या आठवड्यात सोशल वर्करनं भेटायला जायचं असतं. त्यानंतर पहिल्या वर्षी दोन भेटींत सहा आठवड्यांहून जास्त अंतर नको. मुलाशी एकट्यानं बोलायचं, घरच्यांसमोर नव्हे. फॉस्टर पालकांकडे वर्षातून किमान एकदा न कळवता भेट होते. मारण्याची शिक्षा तर साफ बंद. तसं लेखी करारातच असतं.

भाषेचं काय? १९८९ च्या कायद्यानुसार मुलाचा धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा काउन्सिलला विचारात घ्यावीच लागते. तेव्हा आई-वडिलांनी आढावा बैठकीत स्पष्ट विचारावं: आजीशी मराठीत फोनवर बोलता येईल का? घरी शाकाहार असेल तर तिथे काय देतात? पहिली बैठक २० कामाच्या दिवसांत होते, दुसरी त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मग दर सहा महिन्यांच्या आत.

काही खटकलं तर तारीख, काय पाहिलं आणि मूल काय म्हणालं, हे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. त्याची उलटतपासणी करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात टाकू नका. आधी सोशल वर्कर किंवा आढावा बैठक घेणारे अधिकारी, मग काउन्सिलकडे लेखी तक्रार, आणि तरीही समाधान झालं नाही तर ओम्बड्समन. तक्रार करताना मुलाच्या बाजूनं बोलणारा माणूस त्याला मोफत मिळतो. मूल स्वतः चाइल्डलाइनला ०८०० ११११ वर फोन करू शकतं. जिवाला धोका दिसला तर थेट ९९९.

आता एक गोष्ट आपल्याच घरातली. मित्राचं मूल तुमच्याकडे शाळेसाठी राहतंय? मूल १६ वर्षांखालचं असेल आणि २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर काउन्सिलला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आजी-आजोबा, सख्खे काका, मामा, आत्या, मावशी यांना हे लागू नाही. पण आईचा चुलत भाऊ कायद्याच्या लेखी जवळचा नातेवाईक नाही, आपण त्याला कितीही मामा म्हटलं तरी.

आणि ज्यांच्या घरी एक खोली रिकामी आहे, त्यांनी स्वतः फॉस्टर पालक होण्याचा विचार जरूर करावा. घर भाड्याचं असलं तरी चालतं. चौकशी, प्रशिक्षण यात काही महिने जातात. पण एखाद्या मराठी मुलाला घर सोडावं लागलं, तर वरणभात आणि आपली भाषा असलेलं दार त्याच्यासाठी उघडं असेल.

आपल्या काउन्सिलकडे या आठवड्यात एक फोन करून बघा.