मूत्रपिंडांवरचे पहारेकरी

वैशाखांत वऱ्हाडचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अमरावतीहून परतवाड्याकडे जातांना पेढी नदीच्या कांठीं वलगांव लागतें. तेथील काळ्या रानांत त्या दिवसांतहि वखर चालू असतो. नेहमीं पंख्याखालीं बसणारा पाहुणा त्या उन्हांत तासाभरांत गळून जातो, वखरणाऱ्या गड्याचें काम मात्र चालूच राहतें. हा फरक केवळ मनाच्या कणखरपणाचा नव्हे. त्याचें एक कारण दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन चिमुकल्या ग्रंथींत आहे. त्यांना अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. प्रत्येकीचें वजन सुमारें चार-पांच ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनहि कमी.

या ग्रंथींना नळी नसते. त्या आपला स्राव थेट रक्तांत सोडतात. अशा स्रावांतील कार्यकारी द्रव्यांस हॉर्मोन किंवा संप्रेरकें हें नांव आहे. ग्रंथि एक दिसली तरी तिचे भाग दोन: आंतला गाभा आणि बाहेरील साल.

गाभ्याचें काम क्षणाचें. पऱ्हाटींत निंदणाऱ्या बाईच्या पुढ्यांत धुऱ्यावरून साप सळसळला, कीं मेंदूचा हुकूम मज्जातंतूंच्या वाटेनें गाभ्याकडे जातो व अ‍ॅड्रेनॅलिन रक्तांत उतरतें. छाती धडधडते, यकृतांतील साखर रक्तांत येते, आंतड्यांकडील रक्त स्नायूंकडे वळतें. साप निघून गेला, कीं थोड्याच वेळांत सारें पूर्ववत होतें. हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळविल्याचें जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनीं १९०१ सालीं जाहीर केलें.

सालीचें काम दीर्घ पल्ल्याचें. तिचें अल्डोस्टेरोन हें द्रव्य मूत्रपिंडांना व घामाच्या ग्रंथींना मीठ राखावयास लावतें. उन्हांत आठ-पंधरा दिवस काम केल्यावर घाम भरपूर येतो, परंतु त्यांतून मीठ कमी जातें; गड्याच्या टिकावाचें हें एक रहस्य. सालीचें दुसरें द्रव्य कॉर्टिसोल. ताप, शस्त्रक्रिया, उपासमार अशा प्रसंगीं तें वाढून रक्तदाब व रक्तांतील साखर सांभाळतें. ही ग्रंथि नासलेल्या रोग्यांचें वर्णन लंडनचे डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनीं १८५५ सालीं केलें: कमालीचा अशक्तपणा, काळवंडलेली त्वचा आणि अखेर मृत्यु. कित्येकांच्या ग्रंथि क्षयानें पोखरल्या होत्या. आज त्या द्रव्याच्या गोळ्या घेऊन असे रोगी चांगले जगतात.

१९४८ सालीं अमेरिकेंत याच जातीचें कॉर्टिसोन संधिवाताच्या रोग्यास प्रथम देण्यांत आलें, आणि १९५० सालीं त्या संशोधनास नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून स्टेरॉइड औषधांनीं दमा, संधिवात व इतर अनेक रोगांत असंख्य जीव वांचविले. परंतु या औषधांची एक अट आहे. मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि रक्तांतील कॉर्टिसोल पाहून सालीला हुकूम सोडते. गोळी बाहेरून येऊं लागली, कीं हुकूम थांबतो. कांहीं आठवडे असें चाललें, कीं साल आळसावते व सुकते. मग बरें वाटतें म्हणून रोग्यानें गोळी एकाएकीं सोडली, तर झोंपलेला पहारेकरी उठत नाहीं. ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्राणावर बेततें.

म्हणून घरांतील कोणी दीर्घकाळ स्टेरॉइड घेत असेल, तर तें आपल्या मनानें बंद करूं नये; डॉक्टरांच्या सल्ल्यानें मात्रा हळूहळू उतरवावी. शस्त्रक्रियेपूर्वीं व मोठ्या आजारांत त्याची आठवण डॉक्टरांस अवश्य द्यावी. गुडघेदुखी दोन दिवसांत घालविणारी बिननांवाची पुडी तर घेऊंच नये, कारण तिच्यांतहि हेंच द्रव्य दडलेलें असूं शकतें. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल, तर ती टाकून देण्यापूर्वींच डॉक्टरांस दाखवावी.