गृहिणीचा हात



ख्रिस्ती गृहिणीची उद्योगशीलता आणि तिचें औदार्य या विषयावर आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. हा विषय एखाद्या गृहिणीनेंच मांडला असता तर अधिक शोभला असता, हें मी आरंभींच कबूल करतों. मीं जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं; स्वयंपाकघराशीं माझा संबंध बहुधा पाटावर बसण्यापुरताच आला. परंतु त्या पाटावर बसून जें मला फार उशिरां उमगलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

बायबलांतील नीतिसूत्रें या ग्रंथाच्या शेवटच्या, म्हणजे ३१ व्या, अध्यायांत सद्गुणी स्त्रीचें वर्णन आहे. दहाव्या वचनापासून एकतिसाव्या वचनापर्यंत तें चालतें. हीं वचनें एकंदर २२. हिब्रू वर्णमालेंतील अक्षरेंही २२. आणि प्रत्येक वचनाचा आरंभ क्रमानें एकेका अक्षरानें होतो. जणूं गृहिणीच्या गुणांची ती मुळाक्षरेंच होत. मराठींत आपण ‘सद्गुणी’ म्हणतों, परंतु मूळ शब्दांत सामर्थ्याचा अर्थ आहे, आणि तो शूर योद्ध्यांविषयींही योजिलेला आढळतो. ही स्त्री रात्र सरण्यापूर्वीं उठते, घरच्यांच्या अन्नाची तजवीज करते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते.

या अध्यायांतील एका जागेकडे मात्र आपलें लक्ष सहसा जात नाहीं. एकोणिसाव्या वचनांत या स्त्रीचे हात सूत कातण्यांत गुंतलेले आहेत, आणि लगेच विसाव्या वचनांत तेच हात दीनदुबळ्यांकडे पुढें झाले आहेत. हिब्रू जाणणारे सांगतात कीं, दोन्ही वचनांत हातासाठीं योजिलेले शब्द तेच आहेत, आणि हात पुढें करण्याचें क्रियापदही तेंच. कष्ट करणारा हात आणि देणारा हात निराळा नाहीं, हेंच त्यांतून कवीला सुचवावयाचें असावें.

याचा अर्थ मला माझ्या आईनें शिकविला. १९७२ सालच्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. आमचें गांव त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतलें. त्या जिल्ह्याला आतां अहिल्यानगर म्हणतात. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडी आणि संध्याकाळीं रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापी. परातींत पीठ घेतलें कीं त्यांतली एक मूठ ती बाजूच्या गाडग्यांत टाकी. दर रविवारीं तें गाडगें शेजारच्या एका निराधार म्हातारीकडे जाई. ती आमच्या धर्माची नव्हती आणि नात्याचीही नव्हती. एके दिवशीं मी भुकेच्या भरांत म्हणालों, “आई, आपल्यालाच पुरत नाहीं, मग त्या आजीला कशाला देतेस?” आई म्हणाली, “अरे, एका मुठीनें तुझें पोट भरणार नाहीं. सात मुठी सांठल्या कीं तिच्या दोन वेळच्या भाकरी होतात.”

उरलें तर देऊं, असें आई कधींच म्हणाली नाहीं. कारण त्या वर्षीं कांहीं उरतच नव्हतें. तिनें आधींच मापून बाजूला काढलें. काटकसर आणि कृपणता यांतला भेद तो हाच. कृपण मनुष्यही मापतो, पण स्वतःसाठीं. काटकसरी गृहिणी मापते ती दुसऱ्यालाही पुरावें म्हणून. मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रियांत १९१० सालापासून अशीच एक रीत चालत आलेली आहे. रांधण्यापूर्वीं मूठभर तांदूळ बाजूला काढावयाचे व ते चर्चच्या कार्याला द्यावयाचे. तिला तेथें ‘बुहफाय थाम’ म्हणतात. आईनें मिझोरमचें नांवही ऐकलेलें नव्हतें. पण दोन्हीं ठिकाणीं चूल सांभाळणाऱ्या बाईला एकच युक्ति सुचली.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. मराठींत ती पाहावयाची असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचावीं. हें आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालें. १८६८ सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाईंना शाळेचें शिक्षण नव्हतें. त्यांचे पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कांहीं वर्षांच्या विरहानंतर १९०० सालीं लक्ष्मीबाईंनींही तो स्वीकारला. टिळक कवि, अंतःकरणाचे उदार, आणि पैशाच्या बाबतींत अगदींच बेहिशेबी. हातीं आलेला पैसा गरजवंताला देऊन त्यांनीं मोकळें व्हावें, आणि मग संसार कसा चालवावयाचा हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढें उभा राहावा! निराश्रित मुलांनाही त्यांच्या घरांत आसरा मिळे. लक्ष्मीबाईंनीं त्या मुलांवर माया केली, आणि आपली ओढाताण हंसत हंसत सांगितली. पण ती लपविली मात्र नाहीं.

हें पुस्तक मीं मुलांना वर्गांत कितीदां तरी वाचून दाखविलें, आणि तरीही त्याचा धडा मी घरीं शिकलों नाहीं. वाड्यावस्त्यांवरचीं चार मुलें शिक्षणासाठीं आमच्या घरीं दरवर्षीं राहात. ‘मास्तरांचें घर म्हणजे धर्मशाळा’ असें लोक म्हणत, आणि मला धन्यता वाटे. मी निवृत्त झालों त्या दिवशीं सभेंत माझ्या औदार्याची स्तुति झाली, शाल मिळाली. रात्रीं ती शाल घडी घालून ठेवतांना पत्नी शांतपणें म्हणाली, “अहो, गणित तुम्हीच शिकवतां ना? त्या मुलांच्या भाकरी किती झाल्या असतील, कधीं मांडून पाहिलें का?”

मीं मांडून पाहिलें. चार मुलें, प्रत्येकाच्या सकाळ-संध्याकाळ दोन दोन भाकरी, म्हणजे दिवसाला १६. शाळेचे दोनशें दिवस धरले तर वर्षाच्या ३,२००. आणि पंधरा वर्षांच्या ४८,०००. त्यांतली एकही मीं थापली नव्हती. पहांटे चार वाजतां उठणारी ती, आणि शाल पांघरणारा मी!

लूकच्या शुभवर्तमानांत मार्था व मरीया या बहिणींची कथा आहे. प्रभूंनीं मरीयेची निवड उत्तम ठरविली, तें योग्यच. परंतु बहिणीनें मला कामांत एकटी टाकलें, ही मार्थेची तक्रार प्रवचन ऐकतांना आपण भराभर ओलांडून जातों. पुष्कळ उदार घरांतली गृहिणी अशीच एकटी असते. सेवा तिला जड होत नाहीं. एकटेपणा जड होतो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा आणि भाजी निवडणें मीं माझ्याकडे घेतलें. ४८,००० भाकरींचें ऋण त्यानें फिटत नाहीं, हें मी जाणतों. माझ्या वयाच्या गृहस्थांना मात्र इतकेंच विनवितों कीं, आपल्या घरच्या आतिथ्याची कोणी प्रशंसा केली तर ती आपल्यापाशीं ठेवूं नका. स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचवा, आणि मागोमाग स्वतःही जा.

त्याच ३१ व्या अध्यायांत तेविसाव्या वचनीं त्या स्त्रीचा पति गांवच्या वेशींत वडीलधाऱ्यांमध्यें मानानें बसलेला आहे. परंतु अध्याय तेथें संपत नाहीं. शेवटच्या वचनांत तिच्या हातांचें फळ तिला मिळावें आणि त्याच वेशींत तिच्या कामांची वाखाणणी व्हावी, असें सांगितलें आहे. मीं वेशींत बसण्याचा मान पुष्कळ वर्षें भोगला. आज हें राहिलेलें वचन माझ्या परीनें पुरें करीत आहें.