संघात जागा



मी वर्गापेक्षा मैदानावर जास्त असायचो, म्हणून आयोजकांनी मला खेळावर बोलायला सांगितलं असावं. आपल्या कबड्डीच्या गोष्टी जेवताना निघतीलच. मी बोलतो गुलाबराय रामचंद यांच्याबद्दल.

त्यांचा जन्म 1927चा, कराचीचा. फाळणीआधी ते सिंधकडून रणजी खेळले होते. वयाची वीस वर्षं पूर्ण झाली आणि पुढच्याच महिन्यात कराची परदेश झाली. मैदान तिकडे, संघ तिकडे, आणि हे मुंबईत.

नागपूरचा जरीपटका आपण सगळ्यांनी पाहिलाय. असे आलेल्या लोकांनी दुकानं पुन्हा थाटली, घरं बांधली. खेळाडूचं जरा अवघड असतं. त्याची उमेदीची वर्षं मोजकी, आणि त्याला ओळखणारे कप्तान, निवड करणारे, सगळे जुन्या गावचे. नव्या गावात त्याला कोण विचारतो?

त्यातून मुंबईचा संघ म्हणजे विजय मर्चंट, रुसी मोदी, पॉली उम्रीगर. तरीही 1948-49 च्या हंगामापासून रामचंद मुंबईकडून खेळू लागले. मध्यमगती गोलंदाजी, दणकट फलंदाजी. 1952 मध्ये इंग्लंडात पहिली कसोटी मिळाली आणि दोन्ही डावांत शून्य! आपण असतो तर बॅट माळ्यावर टाकली असती. ते पुढे एकूण 33 कसोट्या खेळले, दोन शतकं काढली. डिसेंबर 1959 मध्ये कानपूरला भारतानं ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. जसू पटेलांचे 14 बळी लोकांना आठवतात. कप्तान रामचंद होते, हे फारसं कोणी सांगत नाही.

मला रामचंदांइतकंच त्यांना संघात घेणाऱ्यांचंही कौतुक वाटतं. सीरियाची युस्रा मार्दिनी 2015 मध्ये जीव मुठीत घेऊन जर्मनीत पोहोचली. बर्लिनच्या एका क्लबानं तिला सरावाला तलाव दिला, म्हणून पुढच्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून पोहू शकली.

आता आपल्या वडनेरचं. कापूस वेचायला बाहेरून कुटुंबं येतात. ती काही निर्वासित नाहीत. पण त्यांची पोट्टी मैदानाच्या कडेला उभी राहून खेळ बघत असतात, आणि त्यातला एखादा असा पळतो की बघत राहावं. टी.सी. नाही, जन्माचा दाखला नाही, म्हणून तालुक्याच्या स्पर्धेत त्याचं नाव जात नाही. तो नियम आपल्या हातात नाही. पण सरावाला टी.सी. कशाला लागते?

शाळेला कमान द्यायची की घड्याळ, यावर आपल्या ग्रुपवर महिनाभर भांडण चालू आहे. माझं म्हणणं, त्या पैशातून बूट, जाळी आणि चार व्हॉलीबॉल घेऊ. गुरुजींनी परवानगी दिली, तर वेचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पाच ते सहा मी मैदानावर येतो. सोबत कोण येतं, ते जेवणाआधी सांगा. जेवल्यावर तुम्ही कोणी उठणार नाही.