इनामगावच्या वस्तू शिरूर-दौंडला याव्यात

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून सव्वाशेहून अधिक घरं उजेडात आली. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदलेली ही शेतकऱ्यांची वस्ती. ते सातू पिकवायचे, पुराचं पाणी पाट काढून वळवायचे. पुढे पाऊस उणावला, तेव्हा प्रशस्त चौकोनी घरं गेली आणि गोल झोपड्या आल्या. अवर्षण सोसलेल्या शिरूर-दौंडकरांना ही कहाणी परकी वाटणार नाही.

गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं घर सापडलं. त्याला धान्याचं कोठार होतं आणि अंगणात पुरलेला मातीचा एक मोठा रांजण. फुगीर पोटाचा, चार आखूड पायांचा. त्यात साधारण चाळिशीचा पुरुष मांडी घालून बसवलेला. इथं मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडण्याची रीत होती. याची पावलं मात्र शाबूत. हा गावचा प्रमुख असावा, असं संशोधकांचं मत आहे.

आणखी एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची डबी निघाली. आत स्त्रीमूर्ती, वर बिनडोक्याची दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोकं आहेत. काडी घातली की देवी बैलावर बसते!

एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकातून देशभरातल्या मुलांनी इनामगाव वाचलं. त्याच मातीतल्या मुलांना मात्र या वस्तू पाहायला पुणं गाठावं लागतं.

१८ मेचा संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह ही प्रदर्शनांची ठरलेली निमित्तं. ती शहरापुरती का राहावीत? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून शाळांच्या दारी जाते. तसंच इनामगावचं फिरतं प्रदर्शन माघात रांजणगावी गणपतीच्या गर्दीत आणि पुढे दौंडला मांडता येईल. मूळ वस्तू नाजूक असतील, तर प्रतिकृती आणि छायाचित्रं चालतील.

शाळा आणि ग्रामपंचायतींनी तशी लेखी मागणी करावी. आणि यंदाची सहल ठरवताना शिरूर-दौंडच्या शिक्षकांनी आधी पत्र पाठवून, वेळ ठरवून मुलांना डेक्कन कॉलेजचं संग्रहालय जरूर दाखवावं.